‘ब्रेकअप’चे इंग्रजी : सोडले कोणी, सुटले कोण?

इंग्रजीत ‘दे ब्रोक अप’ म्हटले, तर दोघे वेगळे झाले एवढेच कळते. ‘शी ब्रोक अप विथ हिम’ म्हटले, की निर्णय तिचा होता हे उघड होते. आणि ‘ही गॉट डम्प्ड’ म्हटले, तर नको असलेल्या वस्तूसारखे त्याला टाकून देण्यात आले, असे चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. घटना एकच, पण तीन वाक्यांनी तिच्या तीन वेगवेगळ्या हकिगती होतात.

मराठीत हल्ली या तिन्हींचे काम एकच वाक्य करते : ‘त्यांचे ब्रेकअप झाले.’ पाऊस होतो, उशीर होतो, तसे ब्रेकअपही ‘होते’. ते कोणी केले आणि कोणावर ओढवले, हे सांगण्याची सोय या वाक्यात नाही. पुष्कळदा ती नको असते म्हणूनच हे वाक्य वापरले जाते. अडचण येते ती हाच माणूस इंग्रजीत बोलू किंवा लिहू लागला की. बहुराष्ट्रीय कंपनीतला सहकारी असो, परदेशी विद्यापीठाच्या वसतिगृहातली मैत्रीण असो, व्हिसाचा अर्ज असो की वकिलाची नोटीस, इंग्रजी क्रियापद तेथे कर्ता मागते. शब्द चुकीचा निवडला गेला, तर न घेतलेला निर्णय स्वतःच्या माथी येतो, नाहीतर न झालेले लग्न मोडल्याची बातमी होते.

मराठीत जागा रिकामी होती

संबंध तुटल्याचे सांगणारे शब्द मराठीत कमी नाहीत. घटस्फोट, काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत असे किती तरी आहेत. पण या सगळ्यांना आधी लग्न लागते. घट फुटायचा किंवा काडी मोडायची, तर मुळात विवाह झालेला असला पाहिजे. लग्नाआधीच्या प्रेमाला मराठीने दिलेले शब्द वेगळ्या जातीचे आहेत. ‘प्रेमभंग’ हा एकाच मनाचा अनुभव. दुसऱ्याचे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ‘विरहा’त प्रेम शाबूत असते, माणूस तेवढा लांब असतो. ‘ताटातूट’ बहुधा तिसरा कोणी करतो, बाप, समाज किंवा नियती. दोन अविवाहित माणसांनी एकत्र यायचे ठरवले आणि पुढे एकाने किंवा दोघांनी थांबायचे ठरवले, या साध्या घटनेला रूढ नाव नव्हते. त्या रिकाम्या जागी ‘ब्रेकअप’ येऊन बसले.

ते बसले मात्र मराठी साच्यात. ‘त्यांचे काहीतरी बिनसले’ हे जुने वाक्य आठवावे. बिनसण्यालाही कर्ता नसतो. ‘ब्रेकअप झाले’ हे त्याच वळणाचे आहे.

मराठीला कर्ता दाखवता येत नाही असे मात्र नाही. ‘नवऱ्याने टाकलेली’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. इंग्रजी ‘डम्प’ला याहून जवळचा प्रतिशब्द सापडणार नाही. फरक एवढाच, की ‘डम्प’ स्त्रीही करते आणि पुरुषही. मराठीत टाकणारा नेहमी तो आणि टाकलेली नेहमी ती. ‘बायकोने टाकलेला’ असे कोणी म्हणत नाही.

‘विथ’चा फास

लेखनाचा मुद्दा आधी. क्रियापद असताना ‘ब्रेक’ आणि ‘अप’ हे दोन शब्द सुटे लिहितात. नाम झाले की अमेरिकेत ते जोडून लिहितात आणि ब्रिटनमध्ये बहुधा मध्ये छोटी रेघ देतात. बोलताना नामात जोर ‘ब्रेक’वर पडतो, क्रियापदात ‘अप’वर. ‘वी ब्रेकअप्ड’ असे रूप इंग्रजीत नाही. भूतकाळ ‘वी ब्रोक अप’ असाच होतो. ‘ब्रेकअप केले’चे थेट रूपांतर करून ‘आय डिड ब्रेकअप’ म्हणणेही तिकडच्या कानाला खटकते.

खरी मेख ‘विथ’ या शब्दात आहे. ‘माझे त्याच्याशी ब्रेकअप झाले’ हे मराठी मनात धरून बोलणारी मुलगी सहजच ‘आय ब्रोक अप विथ हिम’ म्हणून जाते. मराठी ‘त्याच्याशी’ला इंग्रजी ‘विथ हिम’, हिशेब सरळ वाटतो. पण इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘मी त्याला सोडले’ असा अर्थ लागतो. या रचनेत कर्त्याच्या जागी जो असतो, त्याचाच निर्णय मानला जातो. ज्या मुलीला दोन ओळींचा संदेश पाठवून नाते संपवल्याचे कळवण्यात आले, ती स्वतःच्याच तोंडाने ‘मी सोडले’ असे सांगून मोकळी होते आणि समोरचा ‘मग आता रडतेस कशाला?’ अशा चेहऱ्याने पाहत राहतो. निर्णय त्याचा असेल, तर वाक्य ‘ही ब्रोक अप विथ मी’. दोघांचा असेल किंवा सांगायचे नसेल, तर ‘विथ’ वगळून ‘वी ब्रोक अप’.

‘अप’ गाळला तर पुन्हा अर्थ बदलतो. ‘ब्रेक विथ’ हे पक्षाशी, परंपरेशी किंवा जुन्या भूमिकेशी फारकत घेण्यासाठी वापरतात. ‘ब्रेक ऑफ’ हे ठरलेली गोष्ट मोडण्यासाठी. साखरपुडा मोडला, तर ‘दे ब्रोक ऑफ दि एंगेजमेंट’. ‘ब्रेक डाउन’ माणसाला लावले तर तो ढसाढसा रडला, विवाहाला लावले तर तो मोडकळीस आला आणि गाडीला लावले तर ती रस्त्यात बंद पडली. ‘ब्रेक इट टू हर’ म्हणजे तिला ती अप्रिय बातमी सांगणे. ‘अप’चे आणखी एक ठिकाण भारतीय वाचकाला गोंधळात टाकते. ब्रिटनमधली शाळकरी मुले ‘वी ब्रेक अप ऑन फ्रायडे’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नसतो, कारण त्या दिवशी सुटी लागणार असते.

यातला नुसता ‘ब्रेक’ सर्वांत घातक. ‘टेक अ ब्रेक’ म्हणजे काही काळ थांबणे. या थांबण्यात दोघे एकमेकांना बांधलेले असतात की मोकळे, हे शब्द सांगत नाही. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेत १९९७ साली रॉस आणि रेचेल यांच्यात याच संदिग्धतेवरून जो वाद पेटला, तो मालिका संपेपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, अधूनमधून डोके वर काढत राहिला. भारतात ही मालिका पाहत वाढलेल्या पिढीला ‘ऑन अ ब्रेक’ या तीन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. किंबहुना तो नक्की नाही, हेच तिला पक्के ठाऊक आहे.

कर्ता नको असेल तर

दोष कोणाचा हे सांगायचे नसेल, तर इंग्रजीतही पुरेसे शब्द आहेत. ‘स्प्लिट अप’ हे बोलीतले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत जागा वाचवण्यासाठी नुसते ‘स्प्लिट’ येते. ‘पार्ट वेज’ किंवा ‘गो देअर सेपरेट वेज’ हे सभ्य आणि थोडे कोरडे. क्रिकेटचा संघ प्रशिक्षकाला निरोप देतो तेव्हाही हेच वापरतो. ‘कॉल इट क्विट्स’मध्ये हिशेब मिटवल्याचा भाव आहे. ‘ड्रिफ्ट अपार्ट’मध्ये प्रवाहावर सोडलेल्या दोन नावांप्रमाणे दोघे नकळत लांब जातात. ‘ग्रो अपार्ट’ त्याच्या जवळचे, पण त्यात दोघांचीही वाढ झाल्याचे गृहीत असल्याने ऐकायला बरे वाटते. ‘फिझल आउट’ हे अल्पजीवी प्रकरणासाठी. उघड्या राहिलेल्या सोड्याच्या बाटलीतली हवा जाते तसे ते संपते.

‘सेपरेट’ जपून वापरावे. ‘वी आर सेपरेटेड’ याचा अर्थ सर्वसाधारणपणे विवाह कायद्याने कायम आहे, पण पती-पत्नी वेगळे राहतात, असा घेतला जातो. महाविद्यालयातल्या दोन वर्षांच्या मैत्रीबद्दल कोणी तो वापरला, तर ऐकणारा लग्न आणि मुलांची चौकशी करू लागेल.

कर्ता हवा असेल तर

‘लीव्ह’ हे सर्वांत साधे आणि सर्वांत जड क्रियापद. ‘शी लेफ्ट हिम’ हे वाक्य बहुधा एका छताखालच्या संसाराविषयी असते. ‘वॉक आउट ऑन’ म्हटले की जबाबदारी टाकून गेल्याचा ठपका येतो. ‘फिनिश विथ’ आणि ‘चक’ ही ब्रिटिश बोलीतली, ‘डम्प’ मूळ अमेरिकी बोलीतले आणि आता सर्वत्र पसरलेले. कचरा टाकण्याच्या जागेलाही इंग्रजीत ‘डम्प’च म्हणतात, हे लक्षात घेतले की त्याची धार कळते. स्वतःबद्दल ‘आय गॉट डम्प्ड’ म्हणणे हा स्वतःवरच केलेला विनोद असतो आणि तो खपतो. दुसऱ्याबद्दल, विशेषतः तो ऐकत असताना, तो शब्द वापरणे क्रूरपणाचे. ‘स्टँड अप’चा अर्थ येथे उभे राहणे नव्हे. ‘ही स्टूड मी अप’ म्हणजे भेटायचे ठरवून तो आलाच नाही. नाते संपले की नाही, हा प्रश्न वेगळा.

या गटातला सर्वांत जुना आणि आपल्याकडे सर्वांत अधिक गैरवापर होणारा शब्द म्हणजे ‘जिल्ट’. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे. आरंभी तो नाम होता आणि पुरुषाला आशा दाखवून नंतर झिडकारणाऱ्या स्त्रीला उद्देशून वापरला जाई. पुढे क्रियापद झाले आणि दोन्ही बाजूंना लागू लागले. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधली (१८६०-६१) मिस हॅविशम ही लग्नाच्या दिवशीच ‘जिल्ट’ झालेली, वधूवेश न उतरवता आयुष्य काढणारी. शब्दाचा गाभा तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे : आधी होकार, निदान होकाराचा भास, आणि मग माघार.

हा गाभा ध्यानात ठेवून भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांतला ‘जिल्टेड लव्हर’ हा शब्दप्रयोग वाचावा. तरुणीवर कोयत्याने वार झाला किंवा आम्ल फेकले गेले, की मथळ्यात हल्लेखोराची ओळख अनेकदा या दोन शब्दांनी करून दिली जाते. बातमीत खाली उतरले तर कळते, की तिने त्याला कधी होकारच दिला नव्हता. महिनोन्‌महिने तो तिच्या मागावर होता आणि ती त्याला टाळत होती. अशा माणसाला ‘जिल्टेड’ म्हणणे म्हणजे त्या मुलीने त्याला आधी स्वीकारले आणि मग फसवले, अशी खोटी साक्ष मथळ्यातच देऊन टाकणे आहे. ‘लव्हर’ हा दुसरा शब्दही त्याच तोलाचा. ‘स्पर्न्ड’ म्हणजे झिडकारलेला, हा शब्द त्या मानाने खरा. पण सहानुभूती त्यातही हल्लेखोराकडेच झुकते.

मराठी वृत्तपत्रांनी यावर बोट ठेवताना स्वतःकडेही पाहिलेले बरे. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ या आपल्या मथळ्यात निदान नाते नव्हते एवढे तरी प्रामाणिकपणे सांगितले जाते. पण ‘प्रेम’ हा शब्द तेथेही आहेच. अशा वर्तनाला कायद्याने दिलेले नाव ‘स्टॉकिंग’, म्हणजे पाठलाग. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत पाठलाग आणि आम्लहल्ला हे स्वतंत्र गुन्हे म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते अनुक्रमे कलम ७८ आणि १२४ मध्ये आहेत. या दोन्ही कलमांच्या नावांत प्रेम कोठेच नाही.

कायद्याचे इंग्रजी

वचन देऊन लग्न मोडणाऱ्यावर इंग्लंडमध्ये एके काळी नुकसानभरपाईचा दावा लावता येत असे. त्याला ‘ब्रीच ऑफ प्रॉमिस’ म्हणत. दावे बहुतांशी स्त्रिया लावत, कारण मोडलेल्या लग्नाने त्यांची पत आणि पोटापाण्याची आशा दोन्ही जात. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) घरमालकीण मिसेस बार्डेल हिला भोळ्या पिकविकवर असाच दावा लावायला लावून न्यायालयाची यथेच्छ टिंगल केली आहे. १९७० च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये हा दावा रद्द झाला. साखरपुड्याची अंगठी ही उलट पुरावा नसेल तर कायमची भेट समजावी, असेही त्याच कायद्याने ठरवले. त्यामुळे मोडलेल्या सोयरिकीनंतर अंगठी परत करणे हा तेथे प्रामुख्याने शिष्टाचाराचा प्रश्न उरला.

भारतात हे दोन शब्द आजही फौजदारी खटल्यांचा निकाल फिरवू शकतात. विवाहाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवल्याच्या तक्रारींत ‘ब्रीच ऑफ प्रॉमिस’ आणि ‘फॉल्स प्रॉमिस’ यांत भेद केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. वचन मनापासून दिले आणि पुढे पाळता आले नाही, तर तो वचनभंग. देतानाच पाळायचे नव्हते, तर ते खोटे वचन. पहिल्याने मन मोडते, दुसऱ्याने गुन्हा घडू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये आता विवाहाच्या अशा फसव्या वचनाचा स्वतंत्र उल्लेख असून शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. इंग्रजीतून तक्रार लिहिणाऱ्याने ‘ही ब्रोक हिज प्रॉमिस’ लिहिले की ‘हिज प्रॉमिस वॉज फॉल्स’, हा भाषेचा किरकोळ फरक राहत नाही.

विवाहाच्या कायद्यातही कर्त्याची हीच गोष्ट आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातली ‘क्रुएल्टी’, ‘डेझर्शन’ ही कारणे एकाने दुसऱ्यावर ठेवायच्या आरोपाची आहेत. लष्कर सोडून पळणाऱ्या सैनिकासाठी जो शब्द, तोच घर सोडणाऱ्या जोडीदारासाठी. १९७६ मध्ये ‘म्युच्युअल कन्सेंट’, म्हणजे परस्परसंमती, आली आणि प्रथमच कोणावर ठपका न ठेवता वेगळे होण्याची वाट कायद्यात उघडली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘इररिट्रीव्हेबल ब्रेकडाउन’ झालेला, म्हणजे पुन्हा जुळण्यापलीकडे मोडलेला विवाह आपल्या विशेष अधिकारात संपवता येतो, असे म्हटले. विवाह मोडला, कोणी मोडला, हे त्या शब्दांत नाही. मराठीच्या ‘बिनसले’च्या किती जवळ!

हॉलिवूडच्या बातम्यांत वारंवार दिसणारे ‘इररिकन्सायलेबल डिफरन्सेस’ हेही कायद्याचेच अपत्य. दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९७० पासून अमलात आला, त्यातले हे कारण. तारे-तारका ते हौसेने वापरत नाहीत. अर्जातच तसे लिहावे लागते. इंग्लंडला त्याच मुक्कामावर यायला २०२२ उजाडले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून तेथे व्यभिचार किंवा गैरवर्तन सिद्ध करण्याची गरज उरली नाही आणि ‘डिक्री नायसाय’, ‘डिक्री अॅब्सोल्यूट’ हे जुने लॅटिन वळणाचे शब्दही जाऊन ‘कंडिशनल ऑर्डर’, ‘फायनल ऑर्डर’ असे साधे शब्द आले.

गोड बोलून, पत्र लिहून, गप्प राहून

सोडणाऱ्याला वाईट दिसायचे नसते. त्यामुळे ‘लेट डाउन जेंटली’, म्हणजे हळुवार नकार देण्यासाठीच्या वाक्यांचा इंग्रजीत एक साठाच तयार झाला आहे. ‘वी नीड टू टॉक’ एवढे ऐकले, तरी तिकडे छातीत धस्स होते. ‘आय नीड स्पेस’मधली ‘स्पेस’ सहसा परत भरली जात नाही. ‘लेट्स बी फ्रेंड्स’ ही मैत्रीची सुरुवात नसते. ‘सीइंग अदर पीपल’ म्हणजे इतरांना पाहणे नव्हे, इतरांबरोबर फिरणे. ‘इट्स नॉट यू, इट्स मी’ या वाक्याचे तर इतके हसे झाले आहे, की आता ते गंभीरपणे उच्चारता येत नाही. १९९३ मध्ये ‘साइनफेल्ड’ या मालिकेतल्या जॉर्जला एक मुलगी हेच ऐकवते, तेव्हा तो चिडतो तो नकारामुळे नव्हे. ही क्लृप्ती आपण शोधली आणि ती आपल्यावरच वापरली जाते, याचा त्याला राग येतो.

या गोडव्याचे टोक २०१४ मध्ये गाठले गेले. अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो आणि गायक ख्रिस मार्टिन यांनी वेगळे होत असल्याचे जाहीर करताना ‘कॉन्शस अनकपलिंग’ असा शब्द वापरला. तो कॅथरीन वुडवर्ड थॉमस या अमेरिकी समुपदेशक लेखिकेचा. जाणीवपूर्वक, कटुता न ठेवता वेगळे होणे, हा त्याचा अर्थ. आगगाडीचे डबे सोडवण्यालाही ‘अनकपलिंग’च म्हणतात. जगभर या शब्दाची चेष्टा झाली, तरी तो टिकला. आज तो निम्मा विनोदाने आणि निम्मा खराच वापरला जातो.

पत्राने नाते संपवण्याला ‘डिअर जॉन लेटर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात दूर आघाडीवर असलेल्या अमेरिकी सैनिकांना घरून येणाऱ्या पत्रांची सुरुवात ‘डार्लिंग’ किंवा ‘डिअरेस्ट’ने होई. एखादे दिवशी पत्र नुसत्या ‘डिअर जॉन’ने उघडले, की पुढचे वाचण्याआधीच त्याला कळून चुकत असे. नात्याचा शेवट सांगणारे नाव पत्राच्या मायन्यावरून पडावे, ही चपखल गोष्ट आहे. ‘प्रिय’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला ते अधिक समजावे.

मायनाही नको आणि मजकूरही नको, अशी पद्धत फोनच्या पडद्यावर आली. तिचे नाव ‘घोस्टिंग’. फोन उचलायचा नाही, संदेशाला उत्तर द्यायचे नाही, भुतासारखे नाहीसे व्हायचे. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१७ मध्ये या अर्थाची नोंद घेतली. ‘ही घोस्टेड मी’ या वाक्याला कर्ता आणि कर्म दोन्ही आहेत, पण क्रिया म्हणावी अशी काही घडतच नाही, ही त्याची गंमत आणि सोसणाऱ्याची व्यथाही. तोपर्यंत ‘अनफ्रेंड’ जुना झाला होता. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला २००९ चा शब्द ठरवले होते. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या यादीत ‘सिच्युएशनशिप’ आला, म्हणजे नाव न दिलेले नाते. ते संपले तर त्याला ब्रेकअप म्हणायचे की नाही, यावर तरुणांचे एकमत दिसत नाही.

आपल्या इंग्रजीतले खळगे

काही शब्द भारतात वेगळ्या अर्थाने रुळले आहेत आणि बाहेर पाय ठेवताच ते दगा देतात. ‘प्रपोज’ हा त्यांतला पहिला. आपल्याकडे प्रेमाची कबुली दिली की ‘प्रपोज केले’. इंग्लंड-अमेरिकेत ‘ही प्रपोज्ड टू मी’ म्हणजे त्याने लग्नाची मागणी घातली. त्यामुळे ‘ही प्रपोज्ड, देन वी ब्रोक अप’ असे कोणी सांगितले, तर ठरलेले लग्न मोडल्याचे समजून तिकडची मैत्रीण नको तितके हळहळेल.

‘अफेअर’ हा त्याहून धोक्याचा. ‘कॉलेजात त्यांचे अफेअर होते’ या मराठी वाक्यात कोणाचे काही चुकलेले नाही. इंग्रजीत मात्र ‘दे हॅड अॅन अफेअर’ म्हटले, की दोघांपैकी निदान एक जण दुसऱ्या कोणाशी बांधलेला होता, असेच बहुधा धरले जाते. ‘दे वेंट आउट टुगेदर इन कॉलेज’ किंवा ‘दे वेर टुगेदर’ हे निर्दोष.

तिसरा शब्द ‘चीट’. ‘ही चीटेड मी’ म्हणजे त्याने फसवले, आणि ऐकणाऱ्याच्या मनात पैशाचा व्यवहार येतो. जोडीदार दुसरीकडे गुंतला, तर ‘ही चीटेड ऑन मी’. एका ‘ऑन’चे अंतर आहे, पण पोलीस ठाण्यात इंग्रजी अर्ज देताना ते मोठे ठरते; ‘चीटिंग’ म्हणजे एकेकाळचे चारशे वीस आणि आताच्या न्याय संहितेतले कलम ३१८. दक्षिणेकडून आलेले ‘लव्ह फेल्युअर’ भारताबाहेर कोणाला चटकन कळत नाही.

त्यानंतर

सावरण्याचे शब्द वाचकांना बहुतेक परिचित आहेत. ‘मूव्ह ऑन’ तर मराठीच झाले. ‘गेट ओव्हर’ला कर्म लागते, ‘शी गॉट ओव्हर हिम’. ‘मूव्ह ऑन’ला लागत नाही; जणू त्या माणसाचे नावही मागे टाकून पुढे गेले. ‘ऑन द रिबाउंड’ म्हणजे आपटून उसळलेल्या चेंडूसारखे ताबडतोब दुसऱ्या नात्यात जाणे. ‘कॅरी अ टॉर्च’ म्हणजे तुटूनही मनात प्रेमाची ज्योत जपणे. हातात विजेरी घेणे नव्हे. ‘क्लोजर’ म्हणजे शेवट झाल्याची मनाला मिळालेली खात्री. घोस्टिंग झालेल्यांची मुख्य तक्रार ती मिळाली नाही हीच असते.

‘एक्स’ हा शब्द प्रियकर, प्रेयसी, पती, पत्नी सगळ्यांना चालतो आणि म्हणूनच तो औपचारिक कागदावर चालत नाही. तेथे ‘फॉर्मर हजबंड’, ‘फॉर्मर वाइफ’ लिहावे. ‘लेट’ मात्र चुकूनही लिहू नये. पूर्वीचा, आता नसलेला, या अर्थाने ‘माय लेट हजबंड’ लिहिले, तर बँकेतला कारकून मृत्यूचा दाखला मागेल.

आणि पुन्हा जुळले तर? आपल्याकडचा ‘पॅचअप’ हा नामशब्द या अर्थाने बाहेर फारसा ऐकू येत नाही. ‘दे पॅच्ड थिंग्ज अप’ किंवा ‘दे गॉट बॅक टुगेदर’ म्हणावे. ‘गेट बॅक अॅट’ म्हणजे सूड घेणे, ते टाळावे. भांडण मिटले, तर ‘दे मेड अप’ हेही चालते. मात्र घाईत ‘अप’च्या जागी ‘आउट’ गेले, तर दोघे चुंबनात रंगले होते असा अर्थ होईल. समेटाची बातमी फोनवरून परदेशातल्या मावशीला इंग्रजीत देणार असाल, तर तेवढे एक अक्षर जपून उच्चारा.